पन्हा : कापडाच्या रुंदीचा इतिहास

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे आडवे माप. रस्त्याला, खोलीला, फळीला रुंदी असते. नदीला पाट असतो. पन्हा मात्र कापडालाच असतो, आणि तोही मागावरच्या किंवा ताग्यातल्या कापडाला. शिवून झालेल्या सदऱ्याचा पन्हा कोणी विचारत नाही. तिथे छाती, खांदा, घेर ही मापे येतात. लुगडे, धोतर, उपरणे, चादर ही वस्त्रे मात्र मागावरून उतरतात तशीच वापरात येतात. त्यामुळे त्यांचा पन्हा ती फाटेपर्यंत त्यांच्यासोबत राहतो.

लांबी आणि पन्हा ही एकाच कापडाची दोन मापे असली तरी ती ठरवणारे वेगळे. दुकानदार ताग्यातून अडीच मीटर फाडून देतो, हवे तर तीन मीटर देतो. लांबी गिऱ्हाईक सांगेल तशी. पन्हा कापड विणले गेले त्याच वेळी ठरलेला असतो. तो कमी पडला तर वाढवता येत नाही, जोड द्यावा लागतो. जास्त झाला तर कापावा लागतो आणि कापला की त्या बाजूचा काठ गेला. मराठी माणसाने लुगड्याला सहावारी, नऊवारी अशी नावे दिली ती लांबीवरून. पन्ह्यावरून लुगड्याचे नाव पडले नाही, कारण तो जवळजवळ सगळीकडे सारखाच असे. कापडाच्या इतिहासात रुंदीचे महत्त्व लांबीपेक्षा अधिक आहे, ते या न बदलणाऱ्या स्वभावामुळे.

शब्द फारसी आहे. फारसीत ‘पहन’ म्हणजे रुंद आणि ‘पहना’ म्हणजे रुंदी. दख्खनच्या सुलतानी राजवटींत कारभाराचे आणि व्यापाराचे शेकडो फारसी शब्द मराठीत मुरले, त्यांतलाच हा एक. गुजरातीत त्याचा ‘पनो’ झाला, आणि मुंबईच्या कापडबाजारात मराठी ‘पन्हा’ व गुजराती ‘पनो’ शेजारीशेजारी नांदत आले आहेत. हिंदी-उर्दू मुलखात याच अर्थाने ‘अर्ज’ हा शब्द जास्त चालतो. तो अरबी आहे. रुंदी आणि पुढे मांडलेली विनंती हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. मराठीत तो रूढ झाला तो विनंतीच्या अर्थाने, म्हणून मामलेदाराकडे अर्ज आणि कापडाला पन्हा अशी वाटणी होऊन बसली. उन्हाळ्यातल्या कैरीच्या पन्ह्याशी या शब्दाचे नाते नाही. ते पन्हे संस्कृत ‘पानक’ पासून आलेले. पण ‘पन्ह्याचा’, ‘पन्ह्याला’ ही रूपे दोन्ही शब्दांची सारखीच होतात आणि संदर्भावाचून कळत नाहीत.

पन्हा कसा घडतो हे हातमागापाशी उभे राहिले की दिसते. ताण्याचे उभे धागे मागावर ताणलेले असतात. ते फणीच्या दातांतून एकेक करून ओवलेले असतात. फणीची जेवढी रुंदी धाग्यांनी भरली, साधारण तेवढा पन्हा. विणकर पायाने पावडी दाबतो, उभे धागे दुभंगतात, त्या फटीतून धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलतो, आणि फणी पुढे ओढून बाण्याचा धागा ठोकून बसवतो. मग धोटा उलट दिशेने. धोटा वळतो त्या दोन जागी काठ तयार होतात. बाण्याचा धागा प्रत्येक फेरीत कापडाला थोडे आत खेचतो, त्यामुळे विणलेले कापड फणीतल्या रुंदीपेक्षा नेहमी थोडे अरुंद भरते. ते फार आत जाऊ नये म्हणून विणलेल्या भागावर एक आडवी पट्टी दोन्ही काठांत टोचून ताणून बसवतात आणि कापड पुढे सरकले की तीही पुढे सरकवतात. नवशिक्याचे कापड ओळखायचे ते काठावरून. त्याचा हात कधी ओढतो, कधी सैल सोडतो, आणि काठ सरळ न राहता आत-बाहेर होतात. चांगल्या विणकराचा पन्हा पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत एकच असतो.

मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराला एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलता येईल एवढीच रुंदी विणता येते. माणसाच्या दोन हातांचा पल्ला हीच पन्ह्याची जुनी मर्यादा. साधारण सव्वा वार, म्हणजे ४५ इंच, हा पन्हा एकट्या माणसाला सोयीने पेलतो. लुगड्याचा आणि धोतराचा पन्हा कमरेपासून घोट्यापर्यंत पुरावा लागतो, आणि तोही याच्याच आसपास येतो. या मेळावर न शिवलेल्या वस्त्रांचा सगळा संसार उभा राहिला. पन्हा उंचीला पुरला की लांबी हवी तेवढी वाढवून वस्त्र अंगाभोवती गुंडाळायचे, खोचायचे, काष्टा घालायचा. नऊवारी लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे १८ हात. पन्हा मात्र सहावारीइतकाच. उंच बाईला जास्तीच्या तीन वारांचा उंचीसाठी काही उपयोग नाही. तिला पन्हाच मोठा लागतो, आणि म्हणून लुगडी घेताना घरातली जाणती बाई पदर आणि काठ पाहून झाल्यावर लुगडे कमरेला लावून ते पायापर्यंत पोचते का ते बघते.

जुन्या मापांत पन्हा हात, वीत आणि बोटांनी मोजत. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. मुंबई इलाख्यात गजाचे २४ भाग करून त्याला तसू म्हणत. १६ तसूंचा हात म्हणजे १८ इंच आणि २४ तसूंचा गज म्हणजे २७ इंच असे कोष्टक शाळांत पाठ करून घेत. माणसाचा हात माणसागणिक वेगळा, त्यामुळे लांबीच्या मापात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची कुरबुर ठरलेली. पन्ह्यात तशी फसवणूक कमी व्हायची, कारण तो उलगडलेल्या कापडावर सरळ डोळ्यांसमोर असे. काठाची रुंदी अजूनही बोटांवरच सांगतात. चार बोटे काठ, वीतभर काठ, असे म्हटले की पैठणीचे चित्र उभे राहते; इंचात सांगितले तर राहत नाही.

एका पन्ह्यात न मावणारी वस्तू हवी असली की दोन पन्हे उभे जोडायचे, ही पद्धत फार जुनी. अंथरायची चादर, पांघरायचे दुपटे मधोमध शिवण घेऊन बनत. ‘दुपट्टा’ या शब्दाची फोडच दोन पट्टे अशी आहे. आज तो एकाच पन्ह्याचा असला तरी नाव जुन्या जोडकामाचे राहिले आहे. तंबू, कनाती आणि शामियाने पन्ह्याला पन्हा शिवूनच उभे राहत. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गलबतांची शिडेही तशीच, कापडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना शिवून केलेली. परकराचा घेर वाढवायचा तर त्यात आणखी एक पन्हा घालावा लागे. शिंपीकामाची सुरुवात कापण्यापासून झाली असे वाटते, पण पुष्कळ ठिकाणी ती जोडण्यापासून झालेली आहे, आणि त्याचे कारण अरुंद माग.

खणाची गोष्ट याच्या उलट. तिथे अरुंद पन्हा ही अडचण नसून सोय आहे. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे खणांचे गाव. तिथल्या मागावर खणाचे कापड सलग विणले जाते. पन्हा तीस-एकतीस इंचांच्या आसपास, दोन्ही बाजूंना काठ, मधल्या अंगात बारीक नक्षी. एका चोळीला लागणारा तुकडा आडवा कापून काढला की तो एक खण. दोन्ही काठ पन्ह्याच्या दोन टोकांना असल्यामुळे बाह्यांच्या कडेला काठ आपोआप येईल अशी बेतणी करता येते. घडी घालून त्रिकोणी केलेला खण ओटीत पडतो तेव्हा वर दिसतो तोही काठच. या कापडाचा पन्हा दुप्पट केला तर विणणाऱ्याचे श्रम वाचतील, पण मधोमध काठ येणार नाही आणि चोळी बेतताना निम्मे कापड बिनकाठाचे निघेल. वस्त्र, त्याचे शिवण आणि त्याचा पन्हा एकमेकांना इतके धरून घडल्याचे दुसरे उदाहरण मराठी घरांत सापडणे कठीण.

व्यापारात पन्ह्याला करारातल्या अटीचे रूप आले. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच कंपन्या सुरतेच्या वखारींतून गुजरातचे सुती कापड युरोपात नेत. भडोचच्या बाफ्ता नावाच्या सुती कापडात रुंद बाफ्ते आणि अरुंद बाफ्ते असे दोन प्रकार मागणीपत्रांत वेगळे लिहिलेले असत. कंपनीचे लोक नमुन्याशी ताडून माल घेत. लांबी वा पन्हा अपुरा भरला की तो परत जाई किंवा भाव उतरे. खुद्द इंग्लंडात हा विषय राजाच्या सनदेपर्यंत गेला होता. १२१५च्या मॅग्ना कार्टात सगळ्या राज्यात दारूचे आणि धान्याचे एकच माप असावे असे कलम आहे, आणि त्याच कलमात रंगीत कापडाचा पन्हाही ठरवून दिलेला आहे. दोन एल (कापड मोजायचे जुने इंग्रजी माप), आणि तोही काठ सोडून आतला. काठ धरून की काठ सोडून, हा वाद आजच्या दुकानातही ऐकू येतो. तो आठशे वर्षे जुना आहे.

हातांच्या पल्ल्याची मर्यादा मोडली १७३३ साली. त्या वर्षी जॉन के या इंग्रज कारागिराने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. धोट्याला चाके, त्याच्या वाटेला लाकडी पट्टी, दोन टोकांना पेट्या आणि मध्ये दोरी. विणकराने दोरीला हिसका दिला की धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत जातो. तोपर्यंत इंग्लंडात रुंद लोकरी कापड विणायला दोन माणसे लागत, एक इकडून फेकणारा आणि एक तिकडून झेलणारा. आता एकाच माणसाचे काम झाले. हिंदुस्थानातल्या हातमागांवर हा धोटा सर्रास आला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. त्यामुळे वेग तर वाढलाच, शिवाय एकट्या विणकराला मोठ्या पन्ह्याची चादर मधल्या शिवणीशिवाय काढता येऊ लागली.

तोवर गिरण्याही उभ्या राहिल्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल निघाली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे ते गाव यंत्रमागांचेच झाले. यंत्रमागाने पन्हा आणखी पक्का केला. हातमागाची फणी बदलणे हे विणकराच्या घरचे काम होते; लोखंडी सांगाडा मात्र एकदा बसवला की त्याच्या पन्ह्याची कमाल मर्यादा कायमची ठरते. म्हणून या गावांत माग सांगताना आधी इंच सांगतात. बावन्न इंची मागावर छत्तीस इंची पॉपलीन निघेल, पण चव्वेचाळीस इंची मागावर दुहेरी पलंगाची चादर कधीच निघणार नाही. रुंद माग घ्यावा तर धोट्याला लांबचा पल्ला मारावा लागतो, मिनिटाला धागे कमी पडतात आणि वेग उतरतो. इचलकरंजीत विणणाऱ्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात किती आडवे धागे बसले त्यावर, ठरत आली आहे. मालकाचा फायदा, कामगाराची मजुरी आणि बाजारातली मागणी या तिन्हींचा हिशेब शेवटी मागाच्या पन्ह्यापाशी येऊन थांबतो. सोलापूरची जेकार्ड चादर ही मोठ्या पन्ह्याची महाराष्ट्रातली सर्वांत ओळखीची वस्तू. ६० इंच पन्हा आणि ९० इंच लांबी हे तिचे रूढ माप, आणि त्यात कुठेही जोड नाही.

खादीच्या इतिहासातही पन्ह्याचा एक प्रसंग आहे, आणि तो स्वतः गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवला आहे. साबरमती आश्रमात आणि गुजरातेतल्या विजापूरला सुरुवातीला निघणारी खादी जाडीभरडी होती आणि तिचा पन्हा अवघा ३० इंच होता. पहिल्या खादीला वाराला सतरा आणे खर्च आला होता. गांधीजींचे धोतर अजून देशी गिरणीच्या कापडाचे होते. विस्मृतीत गेलेला चरखा गांधीजींसाठी विजापूरला हुडकून काढणाऱ्या गंगाबेन मजमुदार यांना त्यांनी कळवले की, महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे खादीचे धोतर मिळाले नाही तर आपण आखूड पन्ह्याच्या खादीवरच भागवू. गंगाबेन हबकल्या, पण महिना पुरा व्हायच्या आत त्यांनी ४५ इंची धोतरजोडी पाठवून दिली. याच सुमारास गांधीजींचे सहकारी लक्ष्मीदास यांनी काठेवाडातल्या लाठीहून रामजी विणकर आणि त्यांची पत्नी यांना आश्रमात आणले आणि खादीची धोतरे तिथेच विणली जाऊ लागली. सूत कातणारे हात मिळणे ही खादीची पहिली अडचण होती. त्या सुतातून पुरेशा पन्ह्याचे कापड काढणे ही दुसरी. पंधरा इंचांचा तो फरक नेसता येणाऱ्या आणि न येणाऱ्या धोतरातला फरक होता.

स्वातंत्र्यानंतर वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली. कापडाच्या दुकानातली वाराची पट्टी जाऊन मीटरची आली. ९ वारांचे लुगडे आता ८.२३ मीटर भरते, पण त्याला नऊवारीच म्हणतात. पन्ह्याच्या बाबतीत तेवढाही बदल झाला नाही. गिरणीच्या कापडाच्या काठावर सेंटीमीटर छापलेले असतात, बिलावर लांबी मीटरमध्ये असते, आणि दुकानदार तोंडाने सांगतो : छत्तीसचा पन्हा, चव्वेचाळीसचा पन्हा, अठ्ठावन्नचा पन्हा. ३६ इंच म्हणजे ९१ सेंटीमीटर, ४४ म्हणजे ११२, ५८ म्हणजे १४७. मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये ‘एकशेबारा सेंटीमीटर पन्हा आहे का’ असे कोणी विचारले तर दुकानदार क्षणभर थांबून मनात इंच करील. याचे कारण गिऱ्हाइकाच्या हट्टात नाही. माग, फण्या आणि यंत्रे इंचांवर बांधलेली होती, आणि लांबीची पट्टी एका दिवसात बदलता आली तरी माग तसे बदलता येत नव्हते.

शिंप्याच्या दुकानात या शब्दाचा सर्वांत जास्त वापर होतो. ‘शर्टाला किती कापड लागेल?’ असे विचारले की शिंपी उलट विचारतो, ‘पन्हा काय आहे?’ पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागते. ५८ इंचीत एक मीटर साठ सेंटीमीटर पुरते. कापड जवळपास तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या आणि कॉलर हे तुकडे उभ्या धाग्याच्या दिशेने कापावे लागतात, कारण आडव्या बाजूने कापलेले कापड अंगावर वेगळे पडते आणि लवकर ओघळते. लहान पन्ह्यात हे तुकडे एकाखाली एक मांडावे लागतात, मोठ्या पन्ह्यात बाह्या पाठीच्या शेजारी बसतात आणि लांबी कमी लागते. एकाच दिशेची फुले किंवा मोठ्या चौकटी असल्या की हिशेब बिघडतो आणि जास्तीचे कापड मागावे लागते. ‘डबल पन्हा’ म्हणजे नेहमीच्या दुप्पट किंवा त्याच्या जवळपास रुंद कापड. पडदे, चादरी, अभ्रे यांसाठी ते घेतात.

ताग्यावर लिहिलेला पन्हा आणि हाती पडणारा पन्हा एकच असेल असेही नाही. मागावरून उतरलेले कोरे कापड धुलाई, रंगाई यांतून जाताना आटते. मग ते एका यंत्रातून जाते. तिथे दोन्ही काठ टाचण्यांवर धरून गरम हवेत कापड ठरल्या रुंदीला ताणून वाळवतात. गिरणीच्या कापडाच्या दोन्ही काठांना ओळीने बारीक भोके दिसतात ती या टाचण्यांची. ताणून वाढवलेला पन्हा पहिल्या धुण्यात थोडा परत फिरतो, सुती कापडात विशेष. म्हणून जुने शिंपी कापड आधी भिजवून, वाळवून आणायला सांगत. अलीकडे बिनधोट्याचे माग आले आहेत. रेपियर आणि एअरजेट मागांवर मोठ्या पन्ह्याचे कापड निघते, आणि एकाच मागावर दोन कापडे शेजारी विणून मध्ये कापताही येतात. अशा कापडाला जुन्या अर्थाने काठ नसतो, कारण आडवा धागा वळून परत येत नाही. तो प्रत्येक फेरीत कडेला कापला जातो आणि तिथे दशा सुटल्यासारखी झालर दिसते.

कापडाबाहेरही हा शब्द थोडा फिरला. कादंबरीचा पन्हा मोठा आहे, लेखकाच्या अनुभवाचा पन्हा लहान आहे, असे समीक्षक लिहितात. तिथे रुंदी किंवा व्याप्ती लिहिले तर अर्थ कळतो, पण विणकामाची चाहूल जाते.

कापडाचा भाव मीटरवर सांगितला जातो, म्हणजे लांबीवर. पन्हा त्यात दिसत नाही. ३६ इंची कापड २०० रुपये मीटर आणि ५८ इंची कापड ३०० रुपये मीटर असेल, तर पहिले स्वस्त वाटते. पण पहिल्याच भावाने ५८ इंची कापड मोजले तर मीटरला सुमारे ३२२ रुपये होतात, म्हणजे दुसरेच स्वस्त पडते. देशाच्या कापड-उत्पादनाचे आकडेही याच कारणाने आता चौरस मीटरमध्ये देतात. गिऱ्हाइकाने भाव विचारण्याआधी पन्हा विचारावा.